न भाजलेली नाचणी

पुंगोल, सिंगापूर
११ मार्च २००७

ती. ताई,

पत्राला उशीर झाला हे तू पहिल्याच ओळीत म्हणणार, म्हणून मीच म्हणून टाकतो. फोन करायचा तर तुझा उजवा कान रुसलेला, आणि डावा फक्त भाऊजींचं ऐकतो. मी इथून ओरडायचं, शेजाऱ्यांनी दार उघडून बघायचं आणि तू म्हणायचंस, “हो हो, इथेही पाऊस आहे.” त्यापेक्षा पत्र बरं.

इथलं सगळं ठीक. आमच्या इमारतीत आता जवळजवळ प्रत्येक दारापुढे बाबागाडी उभी असते. सकाळी लिफ्टमध्ये दोन बाबागाड्या आणि एक मी, एवढंच मावतं. फ्लॅट घेतला तेव्हा समोर नुसती झाडी होती, आता एलआरटी नावाची छोटी आगगाडी खिडकीसमोरून वळसा घालून जाते. निहारिका कामात बुडालेली आहे. प्रयोगशाळेत माझंही बरं चाललंय.

एक काम होतं. तू नाचणीचं सत्त्व करतेस ते नेमकं कसं? किती तास भिजवायची, कापडात किती वेळ बांधायची, मोड केवढे येऊ द्यायचे, वाळवायची उन्हात की सावलीत, आणि भाजायची किती? लिटल इंडियात नाचणी मिळते. पण मोड आणलेली, तुझ्या पद्धतीची हवी आहे. मापं नीट लिही. ‘अंदाजाने’ असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

कशाला हवंय ते नंतर सांगतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझा
यशोधन


देवरुख
२५ मार्च २००७

चि. यशा,

आशीर्वाद. तुझं पत्र बुधवारी आलं. चार वेळा वाचलं आणि देवापुढे ठेवलं.

“कशाला ते नंतर सांगतो.” बरं बाबा, नको सांगूस. मी विचारायचीही नाही. तीन महिने पुरे होईपर्यंत बोलायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. ह्यांनासुद्धा कळू दिलेलं नाही. काय म्हणतोय यशा, असं विचारलं तेव्हा म्हटलं, उकाडा आहे म्हणतो. तूही फोनवर काही बोलू नकोस. मला ऐकू येत नसलं तरी एक्स्चेंजातल्या माणसांना येतं.

आता सत्त्व. नाचणी पाच पाण्यांनी धू. बारा तास भिजव. उपसून ओल्या पंच्यात घट्ट बांध आणि वरून पाणी शिंपडत राहा. आमच्याकडे दीड दिवस लागतो, तुमच्या दमट हवेत एक पुरेल. मोड तांदळाच्या दाण्याएवढे आले की बस्स, लांबले की कडवटपणा येतो. सावलीत वाळव, तळव्यांत चोळून मोड पाखडून टाक. मग भाज. मंद आचेवर, हात न थांबवता, वास स्वयंपाकघरातून ओटीवर येईपर्यंत. भाजल्याशिवाय कुणाच्या पोटात घालू नकोस. ह्या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या आहेत त्या बघ. मग दळून वस्त्रगाळ करायचं.

ह्या तालुक्यातल्या निम्म्या पोरांच्या पोटात माझ्या हातचं सत्त्व गेलंय. बायका डबे घेऊन येतात, रांग लागते. पण आपल्या घरातल्या कुणासाठी करायची वेळ तुझ्यानंतर आली नाही. माझं तुला ठाऊकच आहे. तुमचंही सात वर्षं बघत होते आणि तोंडाने काही बोलत नव्हते. आता बोलणार नव्हते तरी बोललेच बघ.

तू खटपट करू नकोस, मीच धाडते. निहारिकेला सांग, वरच्या फळीवरचं काही काढायला हात उंच करायचा नाही.

नंदाताई


पुंगोल
८ एप्रिल २००७

(हे पत्र पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं. पेटीत टाकलं नाही.)

ताई,

कुणी येणार नाहीये. मुलगा नाही, मुलगी नाही. निहारिकाही इथे नाही.

नोव्हेंबरात ती हाँगकाँगला गेली. बँकेच्या कामासाठी सहा महिने, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं आणि एकमेकांनाही. फेब्रुवारीत तिचा फोन आला की ती परत यायची नाही. भांडण झालं नाही. झालं असतं तर काहीतरी तरी झालं असतं. डॉक्टरांकडचे ते उपचार तीन वेळा झाले, तिन्ही वेळा आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. तिसऱ्या खेपेनंतर एकदा जेवताना ती म्हणाली, “त्या खोलीवरून मला स्वयंपाकघरात जाता येत नाही.” ती खोली म्हणजे तुला फोटोत दाखवलेली, पिवळा रंग दिलेली. मी काय म्हटलं असेन? म्हटलं, रंग बदलू. तुझा भाऊ, पीएचडी झालेला. रंग बदलू म्हणाला.

आणि नाचणी मला बिअरसाठी हवी आहे. आता बस खाली.

शेजारच्या दारात तेओ अंकल राहतात. बंदरावर क्रेन चालवायचे, आता निवृत्त आहेत, बायको वारली. इथे घरी पिण्यापुरती बिअर करायला परवानगी आहे आणि ते करतात. डिसेंबरात एका रविवारी त्यांनी दार वाजवलं, वीस लिटरचं पातेलं उचलायला माणूस हवा होता. तेव्हापासून दर रविवारी मी पातेलं उचलतो. आठवड्यात कामाबाहेरचं बोलणं झालं तर ते तेवढंच.

तू नाचणीचं जे करतेस तेच लोक सातूचं करतात. भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं. त्याला माल्ट म्हणतात. कमी भाजलं तर बिअर पिवळी, फार भाजलं तर काळी. ते भरडून गरम पाण्यात तासभर ठेवलं की पाणी गोड होतं. ते गाळायचं, कडू फुलं घालून उकळायचं, गार करून यीस्ट टाकायचं आणि दोन आठवडे थांबायचं. थांबणं मला जमतं.

अंकलकडे एका इंग्रज खलाशाने दिलेली कृती आहे. तिच्यात चार तऱ्हेचे माल्ट लागतात. इथल्या दुकानात एकच फिकं मिळतं, तेही कधी असतं, कधी नसतं. बाकीचे बाहेरून मागवणारी मंडळी आहेत. अंकल मागवत नाहीत. “नो हॅव, नेव्हर माइंड लाह,” म्हणतात. नसेल तर नसू दे. खास साखरेच्या जागी ते गुला मलाका घालतात, म्हणजे इथला माडाचा गूळ. ओट्सच्या जागी मऊ भात. त्यांच्या वहीत दोन रकाने आहेत, एक ‘हवं होतं’ आणि दुसरा ‘होतं’. काय हवं होतं आणि त्याच्या जागी काय घातलं, तीस वर्षांचं सगळं लिहिलेलं आहे. आणि एक नियम आहे. जिन्नस बदलला की बिअरचं नावही बदलायचं. जुनं नाव लावायचं नाही.

त्या कृतीत ब्राऊन माल्ट म्हणून एक प्रकार आहे, खमंग भाजलेला. अंकलनी विचारलं, तुमच्या देशात असं काही असतं का? आणि माझ्या नाकात तुझ्या स्वयंपाकघराचा वास आला. म्हणून तुला विचारलं. एवढंच झालं, ताई.

हे पत्र उद्या टाकतो.

यशा


पुंगोल
१५ एप्रिल २००७

ती. ताई,

पत्र मिळालं. तू इतक्या नीट लिहिलंस, दोन रेघांसकट.

पाठवणारच असशील तर अर्धी नाचणी भाजलेली आणि अर्धी न भाजलेली पाठव. दोन्ही भरड ठेव, रव्याहून जाड. वस्त्रगाळ नको.

इथे दुपारी रोज सर येते. निहारिका ठीक आहे. जास्त लिहीत नाही, कामं आहेत.

यशोधन


देवरुख
६ मे २००७

चि. यशा,

न भाजलेली नाचणी मी देणार नाही. तुला कुठल्या पुस्तकाने सांगितलं माहीत नाही. कच्चे मोड पोटात गेले की काय होतं ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि भरड कशाला? गिळायला त्रास होतो. चार किलो धाडलंय, सगळं भाजलेलं, सगळं वस्त्रगाळ, शेवटचा किलो जुन्या धोतरातून दोनदा गाळलेला.

पार्सलात दोन दुपटी आहेत. एक माझ्या लग्नातल्या हिरव्या साडीचं, एक आईच्या साडीचं. आईची साडी एवढी वर्षं पेटीत होती, कशासाठी ठेवली होती ते मला आत्ता कळलं. टाके लहान पडले नाहीत, चष्म्याचा नंबर वाढलाय.

हळू बोल, पण ऐक. मी पासपोर्टचा अर्ज केलाय. ह्यांना आता सांगावंच लागलं. हे दोन दिवस नुसते हसत होते आणि मग म्हणाले, एवढ्या लांब तू एकटी कशी जाणार, तुला विमानातली घोषणा तरी ऐकू येईल का? मी म्हटलं, सगळे उठले की मी उठेन. निहारिकेची आई नाही, बाळंतपणाला मी नाही तर कोण येणार? व्हिसासाठी तुझ्या सहीचा कागद लागतो असं पुतण्या अश्विन म्हणाला. तो धाड.

तू फार त्रोटक लिहितोस. घाबरलायस का? घाबरायचं नाही. मी सोळा वर्षांची होते आणि मला चूल फुंकायलासुद्धा धड येत नव्हतं, तरी तू मोठा झालासच ना?

नंदाताई


पुंगोल
३ जून २००७

ती. ताई,

पार्सल पोचलं. दुपटी फार सुंदर आहेत. टाके लहान नाहीत हे तुझं तुला दिसतं, मला दिसलं नाही.

निहारिकेला हल्ली वास सहन होत नाहीत. फोनवर बोलायलाही तिला नको वाटतं, म्हणून ती येत नाही. रागावू नकोस.

सत्त्व रोज घेतो.

कागद सही करून सोबत ठेवला आहे.

यशोधन


देवरुख
२४ जून २००७

चि. यशा,

पासपोर्ट आला. फोटोत मी कुणाचा तरी खून करून आल्यासारखी दिसते. अश्विन शुक्रवारी रात्री मुंबईत विमानात बसवून देणार, पोचणार २५ ऑगस्टला, शनिवारी. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा घरचा गणपती सोडून येतेय. जाऊबाई म्हणाल्या, मोदक कोण करणार? म्हटलं, तुम्ही करा, इतकी वर्षं खाल्लेत ना.

डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा वेगळ्या पुड्यांत बांधून ठेवल्या आहेत. तुमच्याकडे काय मिळतं आणि काय नाही ते कळव. नसेल त्याच्या जागी काही चालत नाही, ह्या गोष्टी त्याच लागतात.

एक मागते. निहारिकेला म्हणावं, तुझ्या हातच्या दोन ओळी लिही. बाकी काही नको. कशी आहे, एवढंच. भावजयीचं अक्षर बघून किती महिने झाले. पहिल्या दिवाळीला तिने मला लिहिलं होतं ते पत्र माझ्याकडे आहे, “ताई, अनारसे हसले”, म्हणजे तुपात सोडताच विरले, असं तिने लिहिलं होतं. वास येतो म्हणून बोलता येत नाही, हे मान्य. लिहायला काय हरकत आहे?

वाट बघते.

नंदाताई


पुंगोल
८ जुलै २००७

ताई,

दोन ओळी येणार नाहीत. सोबतचं पाकीट एप्रिलमधलं आहे, तिकीटही तेव्हाचंच. आधी ते वाच आणि मग हे. भाऊजी जवळ असताना वाच.

वाचलंस?

तू विचारशील, एप्रिलात का नाही टाकलंस? पेटीपर्यंत गेलो होतो. इमारतीखालीच आहे, लाल-पांढरी. समोर बाकावर एक आजी नातवाला भरवत होती. मला वाटलं, आज नको, ताई अजून दोन आठवडे खूश राहू दे. हे खोटं आहे. मलाच राहायचं होतं. सिंगापुरात मी कुणी नव्हतो, पण देवरुखात मी बाप होणार होतो. तू देवापुढे माझं पत्र ठेवलंस. कुणी माझी इतकी वाट बघून किती वर्षं झाली होती. वास सहन होत नाही वगैरे मी लिहिलं ते शनिवारी दुपारी बसून, नीट विचार करून लिहिलं. त्या कागदावर सहीही तशीच, विचार करून केली. हे तुला कळलेलं बरं.

तुझ्या सत्त्वाची अंकलच्या पातेल्यात खळ झाली. पीठ इतकं बारीक की गाळणं बसलं, आणि भाजलेलं म्हणून पाणी गोडच झालं नाही. गोड करायची ताकद न भाजलेल्या मोडांत असते, ती भाजली की जाते. तू तुझ्या जागी बरोबर होतीस. मी काय करतोय हे मी तुला सांगितलंच नव्हतं.

मग मी नाचणी आणून तुझ्या मापाने मोड आणले. बारा तास, एक दिवस, तांदळाच्या दाण्याएवढे. पिवळ्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून पंख्याखाली वाळवली. त्या खोलीत मी सात महिन्यांनी पाय ठेवला. थोडी भाजली, तेव्हा अंकल बाहेरून वास घेत आले. बाकीची न भाजता भरडली. आमचं पाणी गोड झालं, ताई. मी चमच्याने चाखलं आणि अंकलना म्हटलं, स्वीट, स्वीट, आणि त्यांना कळेना मी रडतोय कशाला.

एक अजून. बिअर गार जागी आंबायला हवी आणि इथे गार जागाच नाही. पिंपाला ओलं कापड गुंडाळून पंखा लावतात. टॉवेल पुरेना. मी तुझी दुपटी काढली. आधी हिरवं, मग आईच्या साडीचं. ओली करून पिंपाला गुंडाळली, रोज सकाळी कामावर जाताना आणि आल्यावर पाणी शिंपडायचो. दोन आठवडे शिंपडत होतो. आत बुडबुड ऐकू यायची. मी दारात खुर्ची टाकून ऐकत बसायचो.

तिकीट रद्द करायला अश्विनला सांग. मला लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

यशा


पुंगोल
२९ जुलै २००७

ताई,

तीन आठवडे झाले. फोन केला तर भाऊजी म्हणाले, “ती कामात आहे.” मागे भांडी वाजत होती.

बिअर तयार झाली. अंकलनी पहिला घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाले, “नॉट बॅड लाह.” तीस वर्षांत ते ह्याहून जास्त काही म्हणालेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे. तपकिरी आहे, फेस फार टिकत नाही, मागाहून तुझ्या घराची चव येते. दोन ग्लास भरले. तिसरा कुणासाठी काढला होता कोण जाणे, तो परत ठेवला.

मग त्यांनी वही काढली. ‘हवं होतं’च्या खाली त्यांनी ब्राऊन माल्ट लिहिलं. ‘होतं’च्या खाली मी नाचणी लिहिलं, मराठीत. नाव काय ठेवायचं, विचारलं. ती जागा कोरी आहे.

मी तुझ्याकडून काय काढून घेतलं ते मला कळतं. माफ कर असं लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो. माफ कर.

यशा


देवरुख
१२ ऑगस्ट २००७

यशा,

मी रागावले होते आणि अजून आहे. आधी ते संपवते.

तुझं पत्र वाचलं आणि तीन दिवस मी ह्यांच्याशीही बोलले नाही. मला ते बाळ हवं होतं. कशाला खोटं बोलू? त्याला तेल लावायचं, त्याला शेक द्यायचा, त्याच्या नाकाचं हाड कुणासारखं हे भांडून ठरवायचं, सगळं माझं ठरलं होतं. डिंकाच्या पुड्या परत मोठ्या डब्यात ओतताना मला हुंदका आवरला नाही. तू बिअर पितोस म्हणून नाही. आंबवलेल्या नाचणीला आमच्याकडे आंबील म्हणतात आणि ती मी दहा वर्षांची असल्यापासून घुसळते आहे. तुझी थोडी जास्त आंबली, एवढंच. रागावले ते ह्यासाठी, की तू सात महिने एकटा जेवलास आणि मला पाऊस पडतोय म्हणून कळवलंस.

आता दुसरं. मी भाजण्याच्या खाली दोन रेघा का मारल्या ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते. आई गेली तेव्हा तू सात महिन्यांचा होतास. गाईचं दूध तुला पचेना, शेळीचं मिळेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, सत्त्व दे. मी मोड आणले, वाळवले आणि घाईघाईत न भाजताच दळून तुला पाजलं. तू भुकेने रडत होतास रे, मला धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी तुला असे ढाळ लागले की बाबांनी आशा सोडून पंचा डोक्यावर घेतला. दोन दिवस तू डोळे उघडले नाहीस. तेव्हापासून मी भाजते. ह्या तालुक्यात कुणाच्याही पोरासाठी भाजते, हात दुखेपर्यंत भाजते.

मग तू ते पचवायला लागलास. माझ्याकडेही वही होती, तुझ्या त्या अंकलसारखी. शाळेची अर्धी कोरी राहिलेली. दूध किती मिळालं, नाही मिळालं तेव्हा सत्त्व किती. दुधाच्या जागी नाचणी. मी काही वेडी नव्हते, ते दूध कधीच झालं नाही. पण तू बसायला लागलास, रांगायला लागलास.

आणि दीड वर्षाचा झालास तेव्हा एकदा चुलीपाशी येऊन माझा परकर धरलास आणि मला आई म्हणालास. मी सतरा वर्षांची होते. मला ते इतकं गोड लागलं की काय सांगू. आठ दिवस मी तुला म्हणू दिलं, गुपचूप, कुणी नसताना. मग तुला मांडीवर घेऊन शिकवलं, ताई म्हण. ता-ई. तू रडायचास, परत आई म्हणायचास, मी परत ताई म्हणायची. कारण ते नाव जिचं होतं तिचं होतं. मी तिच्या जागी होते, ती नव्हते. त्या तुझ्या तेओ अंकलना सांग, त्यांचा नियम बरोबर आहे. फक्त तो पाळताना काय होतं ते त्यांनी वहीत लिहिलंय का, विचार.

म्हणून तुझ्या त्या कोऱ्या जागेची घाई करू नकोस. राहू दे कोरी.

निहारिकेला मी पत्र लिहिलंय. तिचा पत्ता तिच्या बाबांकडून घेतला. परत ये असं लिहिलेलं नाही. अनारसे हसले का, एवढंच विचारलंय.

तिकीट मी रद्द केलेलं नाही. हे म्हणाले, आता कशाला जातेस? मी म्हटलं, बाळंतपणाला निघाले होते, तशीच जाते. तिथे एक जण आहे, जेवत नाही आणि ओल्या दुपट्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. दुपटी धुऊन वाळवून ठेव, बुरशी लागेल. आईच्या साडीचं पिंपाला गुंडाळलंस ह्याचं मला वाईट वाटलेलं नाही. ती साडी कशासाठी तरी उपयोगी पडली.

चार किलो नाचणी मोड आणून ठेवली आहे. पावसामुळे माळ्यावर, चुलीच्या उबेला वाळवली. भरडलेली आहे, रव्याहून जाड. भाजलेली नाही. पिशवीवर मी मोठ्या अक्षरात ‘न भाजलेली’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ती कुणाच्या पोटात जायची नाही, पिंपात जायची आहे, असं स्वतःला तीनदा सांगितलं.

शनिवारी, पंचवीसला, पहाटे विमान उतरतं. मी निळ्या काठाच्या पातळात असेन. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. गर्दीत मागून हाका मारू नकोस. समोर येऊन उभा राहा.

ताई